चढता मारोती

पर्वतापुढे उभं राहिलं की माणसाला आपलं खुजेपण कळतं. आमच्या गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक सभेच्या सुरुवातीला हे वाक्य म्हणत, आणि म्हणताना किंचित वर पाहत. वर पंखा असे. आमच्या स्वतःच्या पर्वतापुढे खुजेपण कळून घ्यायचं तर खाली बसावं लागलं असतं. तो भंडाऱ्यातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा थोडा बुटका होता, आणि टाकीला निदान लोखंडी शिडी होती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी भंडाऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत होतो. अध्यक्ष वकील होते. बद्रीनाथला बसने जाऊन आल्यापासून त्यांना जिल्ह्यातल्या तरुणांची काळजी वाटू लागली होती. तिच्यातून मंडळ निघालं, त्याचा फलक रंगवला गेला, आणि मग पर्वताचा शोध सुरू झाला. भूगोलामुळे मला तांत्रिक सल्लागार नेमलं. भंडारा जिल्हा तळ्यांचा आहे, तेव्हा पोहण्याचं मंडळ काढावं, हा माझा पहिला सल्ला. तो कोणी ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

पश्चिमेकडचे लोक काळ्या कातळावर चढतात. कोणे एके काळी तिथे लाव्हा पसरला, थरावर थर बसले आणि पुढे गिर्यारोहकांची सोय झाली. तो लाव्हा नागपूरच्या आसपास येऊन थांबला. पुढे भंडारा आहे हे कळलं असावं. आमच्या वाट्याला आला तो तांबूस, भुसभुशीत वाळूचा दगड. नख लावलं तर भुकटी निघे, आणि उन्हाळ्यात हात टेकवत नसे. त्यात लोखंडी खुंटी ठोकणं म्हणजे गुळाच्या ढेपेत खिळा मारण्यासारखं. जाताना सहज जाई आणि येतानाही.

हा कडा आम्हाला दाखवला तो आसगावच्या एका तरुणाने. त्याच्या घरी धानाची शेती होती. तो स्वतः जवाहरनगरच्या कारखान्यात लेथवर काम करायचा आणि तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचा. कारखान्यात काय बनतं ते सांगायची त्याला बंदी होती, आणि त्याच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. लहानपणी म्हशी चारायला तो गावाबाहेरच्या या कड्याखाली यायचा आणि म्हशी बोडीत, म्हणजे तिथल्या लहान तळ्यात, बसल्या की वर चढायचा. मंडळात खरोखर चढता येणारा तो एकटाच. बाकीच्या आम्हा सगळ्यांना गिर्यारोहणाविषयी बोलता येत होतं.

एकदा भंडाऱ्याच्या बसस्टँडवर चहा पिताना मी त्याला विचारलं, "तुला हे कायले पाहिजे?"

भूगोलाचा मास्तर त्याच्या बोलीत बोलतो म्हणून तो हसला. मग म्हणाला, "गुरुजी, मले एकदा अशा जागी उभं राहाचं हाय, जेथून वर पाहाले काहीच नसन."

त्यासाठी रस्ता एकच होता. नागपूरची एक संस्था दरवर्षी आसपासच्या जिल्ह्यांतून निवडक मुलांना हिमालयात महिनाभराच्या शिक्षणाला पाठवायची. खर्च संस्थेचा. निवड करणारे गृहस्थ प्रत्येक ठिकाणी येऊन मुलांना चढताना पाहत. वयाची अट होती, आणि पुढच्या वर्षी तो त्या अटीच्या बाहेर जाणार होता. म्हणजे संधी एकच, येत्या हिवाळ्यातली. ती हुकली तर लेथ होतंच.

तो कडा चढण्याची एकच वाट होती. खालचा भाग सपाट आणि गुळगुळीत. माणसाच्या डोक्याच्या वर, हात पुरेल न पुरेल एवढ्या उंचीवर, एक गोल कठीण दगड कड्यातून बाहेर आलेला होता. मऊ दगडात असे कठीण गोळे कधीकधी सापडतात. संपूर्ण कड्यात भरवसा ठेवावा अशी तेवढी एकच गोष्ट होती. आधी तो हाताने धरायचा, अंग वर ओढून घ्यायचं, मग त्याच्यावर पाय ठेवून उभं राहायचं. तिथून वरची उभी भेग हाताला लागे, आणि भेगेतून थेट माथा. त्या गोळ्यावर उभं राहता आलं तर कडा चढता येई. नाही तर खालून पाहता येई.

पावसाळा संपल्यावर अध्यक्षांनी कड्याचं उद्घाटन ठरवलं. काही लाख वर्षं उद्घाटनावाचून उभ्या असलेल्या वस्तूचं उद्घाटन कसं करतात, हे पाहायला मीही गेलो. फीत बांधायला जागा नव्हती. तेव्हा नारळ फोडून पूजा करायची ठरली. पूजेला दगड हवा. कडा अख्खाच दगडाचा असला तरी फोटोत वेगळा उठून दिसेल असा हवा. अध्यक्षांची नजर त्या गोळ्यावर गेली. गावातल्या शाळेतून स्टूल आणलं. दोघांनी स्टूल धरलं, अध्यक्ष चढले, तेलात कालवलेला शेंदूर दोन्ही हातांनी गोळ्याला फासला, नारळ फोडला आणि कॅमेऱ्याकडे पाहून मान वळवून थांबले. त्यांनी आयुष्यात केलेलं हे एकमेव आरोहण. फोटो चांगला आला.

नव्या ठिकाणी कामाला लागण्यापूर्वी नारळ फोडण्यात वावगं काही नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेंदूर लावलेल्या दगडाचं आमच्याकडे पुढे काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. एकाच्याही ते लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही सरावाला गेलो तेव्हा गोळ्याला झेंडूची माळ होती. आसगावच्या तरुणाने ती अलगद काढून बाजूच्या झुडपावर ठेवली, गोळा धरला, अंग वर घेतलं आणि पाय उचलला. तेवढ्यात खालून आवाज आला.

"ए बाबू! पाय खाली घे!"

काठी टेकत एक म्हातारा बोडीच्या बांधावरून येत होता.

"काहून गा, आजा?" हा तसाच लटकून म्हणाला.

"काहून म्हनते! मारोती हाय थो."

"मागच्या इतवारी दगड होता ना!"

"मागच्या इतवारी तूबी शहाना होता. हात लाव, डोस्कं टेकव, कोनी काही म्हनत नाही. पाय नोको लावू."

तो खाली उतरला. म्हाताऱ्याने माळ झुडपावरून काढून घेतली, झटकली आणि त्याच्याच हातात दिली, पुन्हा घालायला. तो चढला, माळ घातली आणि उतरला.

महिन्याभरात कड्याच्या माथ्यावर भगवा झेंडा लागला. गावाने नावही ठेवलं, चढता मारोती. आम्ही अध्यक्षांकडे तक्रार नेली. त्यांनी ऐकलं, समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "बघा, लोकांनी आपलं कार्य आपलंसं केलं." गावाला समजावून सांगा, अशी विनंती केल्यावर ते म्हणाले की श्रद्धेचा प्रश्न नाजूक असतो. त्यानंतर ते कड्याकडे आले ते थेट निवडीच्या दिवशी.

पण खरं नुकसान मनाईने केलं नाही. ते पाण्याने केलं.

बायकांनी मारोतीच्या मूर्तीला हात लावायचा नाही, अशी त्या गावची रीत. पाणी घालायला मात्र हरकत नव्हती. खालून पाणी घालावं तर देव डोक्याच्या वर. मग बायकांनी सोय काढली. कड्याच्या मागच्या बाजूने सोपा उतार होता. बोडीतून घागर भरायची, मागून माथ्यावर जायचं आणि वरून पाणी सोडायचं. पाणी भेगेतून वाहत खाली येई आणि बरोबर देवाच्या डोक्यावर पडे. मंगळवारी आणि शनिवारी. आमची भेग, आमची एकुलती वाट, आठवड्यातून दोनदा अशी भिजू लागली. वाळूचा दगड पाणी पितो आणि पिऊन मऊ होतो. कोरडा असताना माणसाचा भार पेलणारी कड ओली झाली की भाकरीसारखी तुटते. वरून कोरडा दिसला तरी आतून ओला असतो. हे मला माहीत होतं, कारण हे पुस्तकात होतं. माझ्या नेमणुकीतला हा एकमेव उपयोगी सल्ला मी सगळ्यांना दिला. अध्यक्षांनी तो टिपून घेतला आणि पुढच्या भाषणात खडकाच्या सहनशीलतेविषयी चार वाक्यं वाढवली.

पाणी घालणाऱ्यांत सर्वांत नेमाने येणारी बाई त्याची आई होती. तिने नवस बोलला होता. पोराची निवड होईपर्यंत दर मंगळवारी आणि शनिवारी घागर.

एका शनिवारी मी मुद्दाम गेलो. ती माथ्यावर घागर उतरवून दम घेत होती.

मी म्हणालो, "माय, पाण्याने हा दगड मऊ होतो. तुमच्या पोराला याच्यावरूनच चढायचं आहे."

"मंग देवाले उन्हात कोरडा ठेवू का, गुरुजी?"

"थोडं कमी घाला."

"पोरासाठीच घालून राहिली मी. तुमच्या घरचं पानी हाय का थे?"

"आणि तोच पडला तर?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझा पगार नाहक मिळतो असं वाटलं. "मारोती कोनाले पाडते का, गुरुजी? जो सोता उडते, थो दुसऱ्याले पाडन?"

तिने घागर उपडी केली. पाणी भेगेत शिरलं आणि दगडाने ते पिऊन टाकलं. खाली देवापर्यंत पोचलं ते निम्मंच असेल.

मी हे तिच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मीबी सांगून पाह्यलं. थे म्हनते, तू चढाचं पाहाय, मी देवाचं पाहातो." ती आपल्या परीने मदत करत होती. आणि सगळ्या मंडळात मदत करणारी ती एकटीच होती.

त्याने दुसरी वाट शोधली. गोळा हाताने धरायचा, पण पाय त्याच्या डावीकडे एका पातळ कडेवर ठेवायचा आणि तिथून भेग गाठायची. हिवाळाभर तो हे करत राहिला. वर माथ्यावर मोहाचं झाड होतं. त्याला दोर बांधून आम्ही वरून त्याला धरत असू, त्यामुळे कड तुटली तरी तो नुसता झोके घेई. कड दर आठवड्याला थोडी तुटे. त्याचा पाय दर आठवड्याला आणखी थोडा अरुंद जागेवर. खाली तांबड्या भुकटीचा ढीग साचत गेला. देव तेवढा जागच्या जागी, शेंदराच्या थरांनी दिवसेंदिवस जाड होत.

निवडीचा दिवस रविवार ठरला, म्हणजे शनिवारच्या पाण्यानंतरचा. दिवस बदलून घ्या म्हणून मी अध्यक्षांना सांगितलं. रविवारी कोर्ट बंद असतं, असं ते म्हणाले.

आदल्या संध्याकाळी मी आसगावला त्याच्या घरी होतो. अंगणात धानाची मळणी, तिकडे म्हणतात ती चुरनी, चालली होती, बैल गोल फिरत होते. तो मला बाजूला घेऊन गेला.

"गुरुजी, उद्या पाय ठेवतो मी."

"मारोतीवर?"

"कडेवर आता अंगठाबी मावत नाही. आज हात लावून पाह्यला, चिखल हाय आतून. एकच पाय, एकच डाव. वर गेल्यावर मापी मागीन. देव काय लाथ मारते?"

"गावाचं काय?"

"गाव दोन दिवस बोंबलन. तवापर्यंत मी गेलो राहीन."

"आणि माय?"

"तिले म्हनलं, चुरनी सोडून येऊ नोको. येत नाही थे."

त्याने हे सगळं फार शांतपणे ठरवलं होतं. मला बरं वाटलं. त्या सगळ्या प्रकरणात मला बरं वाटल्याचं एवढंच आठवतं.

सकाळी कड्याखाली गाव जमला होता. अध्यक्षांसाठी आणि नागपूरच्या गृहस्थांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. नागपूरचे गृहस्थ लोकरीची टोपी घालून आले होते. जानेवारीतही आमच्याकडे सकाळी दहानंतर कोणी टोपी घालत नाही, पण ती हिमालयातली होती. अध्यक्षांनी खुजेपणाचं वाक्य म्हटलं. त्यानंतर पाहुण्यांनी मोहाच्या झाडाला बांधलेला दोर पाहिला आणि मान हलवली.

"वरून दोर नको. खुंट्या मारत, दोर खालून नेत चढायचं. असा वरून बांधलेला दोर असेल तर माझी आजीसुद्धा चढेल."

"आना मंग आजीले!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. पाहुणे हसले नाहीत. दोर सोडला गेला.

दगड मऊ आहे, खुंटी धरत नाही, असं मी पुढे होऊन सांगितलं. आपण कोण, असं त्यांनी विचारलं. अध्यक्षांनी, हे आमचे तांत्रिक सल्लागार, अशी ओळख करून दिली. त्यांनी मला नमस्कार केला आणि चढाई सुरू करायला सांगितलं.

तो चढला. गोळा धरला, अंग वर घेतलं. एक खुंटी ठोकली. ती सहज गेली, आणि ठोकल्याचा आवाज ऐकूनच आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याने दोर अडकवला. मग उजवा पाय उचलून गोळ्याच्या वर आणला. गर्दीत सळसळ झाली. पाय शेंदरापासून वीतभर अंतरावर होता.

त्या वेळी त्याने खाली पाहिलं. चढताना कोणी खाली पाहत नाही, तोही पाहत नसे. गर्दीच्या पुढे त्याची आई उभी होती. केसांत आणि लुगड्यावर धानाचा भुसा होता, म्हणजे मळणीतून तशीच उठून आली असावी. शेजारी रिकामी घागर होती. सकाळी पुन्हा एकदा पाणी घालून आली होती ती, निवडीच्या दिवसाचं म्हणून. तिने हात जोडले होते.

पाय तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग डावीकडे गेला, त्या कडेवर.

कड तुटली. आवाज असा झालाच नाही, ओलं ढेकूळ फुटावं तसं काहीतरी. गोळ्यावरचा हात तेलकट शेंदरावरून घसरला, खुंटी दगडातून सुटून दोराबरोबर आली, आणि तो दोन्ही पायांवर खाली आला. उंची फार नव्हती. उजव्या टाचेचं हाड फुटायला पुरेशी होती.

आम्ही त्याला उचलून अध्यक्षांच्या जीपमध्ये ठेवलं. नागपूरचे गृहस्थ जवळ आले, वाकून पाहिलं आणि सहानुभूतीने म्हणाले, "शैली चांगली आहे. मार्गाची निवड चुकली." मग ते जेवायला गेले, कारण जेवण तयार होतं.

आई जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भंडाऱ्यापर्यंत ती एकच गोष्ट सांगत होती. एवढ्या वरून पडला आणि नुसती टाच गेली, मारोतीने धरलं. तो डोळे मिटून होता. वाटेत एकदाच बोलला. "हो माय," म्हणाला.

गावानेही तोच अर्थ लावला. देवाने पोराला वाचवलं, असं चारी बाजूंना झालं. मंगळवारी, शनिवारी दूरच्या गावांहून बैलगाड्या येऊ लागल्या आणि भेगेतून आधीपेक्षा जास्त पाणी वाहू लागलं. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी पोहण्याचं मंडळ काढलं. ही कल्पना मुळात कोणाची, हे त्यांना आठवत नव्हतं.

टाच वाकडी जुळली. लेथपुढे पाळीभर उभं राहणं जमेना, म्हणून त्याला कारखान्यात खुर्चीवर बसायचं काम मिळालं. लग्न झालं, मुलं झाली. मी जवाहरनगरला त्याच्या क्वार्टरवर जात असे. तो माणूस म्हणून कडवट झाला असता तर मला सोपं गेलं असतं. तो नीट बोलायचा, चहा पाजायचा. एकदा पलंगावर पडल्यापडल्या म्हणाला, "आता वर पाह्यलं का पंखा दिसते, गुरुजी."

पाय का ठेवला नाहीस, हे मी त्याला कितीतरी वर्षांनी विचारलं. तो विचार करून म्हणाला, "मायनं हात जोडले होते. कोनाले जोडले होते, काय मालूम. मारोतीले का मले."

आईला त्याने हे विचारलं नव्हतं. ती गेली तोपर्यंत विचारलं नाही.

ऐंशीच्या दशकात आमच्या भागात रस्ते होऊ लागले. भरावाला मुरूम लागतो, आणि मऊ दगड त्याला चालतो. ठेकेदाराने कडा पाहिला आणि त्याला तो फार आवडला. आमच्या मंडळाला जमलं नाही ते त्याच्या माणसांनी कुदळीने केलं. ते कड्याच्या माथ्यावर पोचले, आणि मग माथाच उरला नाही. गावाने एवढंच सांगितलं की मारोतीला धक्का लागता कामा नये. ठेकेदारही श्रद्धाळू होता. गोळा वाजतगाजत काढला, बाजूला चौथरा बांधून त्यावर बसवला आणि वर पत्रे टाकले. अध्यक्ष भाषणाला आले होते. पर्वतापुढे उभं राहिलं की माणसाला आपलं खुजेपण कळतं, इथपासून सुरुवात झाली. या वेळी कोणी वर पाहिलं नाही. त्यांच्या मागे सपाट जमीन होती.

मी मागे एकदा जाऊन आलो. रस्त्याला खड्डे पडले आहेत. मारोती आता जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आहे आणि त्याच्याभोवती लोखंडी जाळी आहे. ही कशाला, असं मी तिथे बसलेल्या एकाला विचारलं. जाळी नव्हती तोवर कुत्री दगडावर चढून बसत.